हेरॉनचा माथा आणि कुमुदताई

कुमुदताई कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्या की आधी भिंत वाजवून बघायच्या. डावा हात भिंतीवर सपाट ठेवायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्यावर टकटक करायचं आणि मान किंचित तिरकी करून ऐकायचं. डॉक्टर पेशंटची छाती तपासतात, अगदी तसं. रेडमंडमधल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये त्या दिवाळीच्या फराळाला आल्या तेव्हा माझ्या बायकोनं, सुनीतानं, पुढे केलेली चकली घ्यायच्या आधी त्यांनी आमची बैठकीची खोली तपासली आणि निदान सांगितलं, "पोकळ. अमेरिकेत सगळं पोकळ, नुसता पुठ्ठा. डोंगर तेवढे भरीव."

त्या भूलतज्ज्ञ होत्या. सिअ‍ॅटलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात काम करायच्या. मूळच्या नाशिकच्या. मेडिकलला असताना सुट्टी लागली की मुलांच्या घोळक्यातली एकटी मुलगी म्हणून त्या सह्याद्रीतले कडे चढायच्या. अशोकरावांशी लग्न करून इकडे आल्या तेव्हा सामानात भांडी कमी आणि दोर जास्त होता, असं अशोकराव सांगत. स्वतः अशोकराव विमानांच्या पंखांचं डिझाइन करायचे आणि घरातल्या शिडीवर चढायला घाबरायचे. बायकोला डोंगराच्या पायथ्याशी सोडून ते गाडीत रेडिओ ऐकत बसायचे, इतकाच त्यांचा गिर्यारोहणाशी संबंध.

माझा संबंध त्या दिवाळीला जुळला. पुण्यात असताना मी सिंहगडापलीकडे फारसं काही चढलो नव्हतो. ताईंनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "दोर धरशील का रे मिलिंद?" एकानं चढायचं, दुसऱ्यानं खाली उभं राहून त्याचा दोर सांभाळायचा. चढणारा निसटला तर जीव त्या दुसऱ्याच्या हातात. मी हो म्हणालो, आणि पुढची काही वर्षं माझे शनिवार-रविवार त्यांच्या दोराला बांधले गेले. कड्याखाली उभी असलेली ही बुटकी, चाळिशी ओलांडलेली बाई प्रत्येक कपार आधी वाजवून बघायची. "दगडाला विचारावं, मग हात घालावा," असं म्हणायची. आपल्या कामाबद्दलही त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी म्हणालं, "तुम्ही पेशंटला झोपवता ना?" तर त्या म्हणायच्या, "झोपवायला काय, कुणीही झोपवेल. मी उठवते."

आमची सगळ्यात आवडती जागा म्हणजे कॅस्केड डोंगररांगांतली एक दरी. जुनी सीडरची झाडं, मध्ये बर्फाच्या पाण्याचा ओढा, आणि दरीच्या टोकाला एक सरळसोट ग्रॅनाइटचा सुळका. लांबून मान उंचावलेल्या बगळ्यासारखा दिसायचा, म्हणून त्याला हेरॉन म्हणत. हेरॉनच्या माथ्यावरून चालत उतरायला वाट नाही. जुन्या चढणाऱ्यांनी माथ्याच्या कडेला कातळात भोकं पाडून दोन लोखंडी बोल्ट ठोकले होते. त्यांच्या कड्यांत दोर ओवायचा, दोराला लटकत खाली यायचं आणि मग दोर ओढून घ्यायचा. चढाईच्या पुस्तकात त्या दोन बोल्टची खूण होती. सगळे त्यांच्या भरवशावर वर जायचे.

एका वसंतात आम्ही गेलो तर झाडांना नारिंगी फिती बांधलेल्या. एका लाकूड कंपनीला तिथून रस्ता काढायचा होता. ताई त्या फितींकडे बघत राहिल्या. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र त्यांनी असा काही धडाका लावला की विचारू नका. हॉस्पिटलात, गणपतीच्या आरतीला, मुलीच्या शाळेबाहेर, जिथे माणूस भेटेल तिथे त्या दरीबद्दल बोलायच्या. त्यांची मुलगी रेवा तेव्हा बारा-तेरा वर्षांची. ती लाजून दुसऱ्या फुटपाथवर जायची आणि तिकडून ओरडायची, "आई, प्लीज, नॉट हिअर!"

दरीला कायद्यानं 'वाइल्डरनेस' ठरवावं, म्हणजे तिथे कायमचा रस्ता नाही, यंत्र नाही, बांधकाम नाही, अशी मागणी होती. त्यावर डोंगराखालच्या गावात सुनावणी झाली. ताई रात्रपाळी संपवून हॉस्पिटलच्या हिरव्या कपड्यांतच तिथे पोचल्या. समोर लाकूडतोडीवर पोट असलेली माणसं बसली होती. एकानं विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठून आलात?" काहीजण हसले. ताई म्हणाल्या, "लांबून. आमच्याकडचं असं रान तोडून झालंय, म्हणून सांगायला आले." हसणारे हसायचे थांबले.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कायदा झाला आणि आमची दरी त्यात आली. ताईंनी पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीवर पातेलं ठेवून, भेटेल त्याला श्रीखंड वाढलं. तिथला वनरक्षक ग्लेन, उंच, मितभाषी माणूस, त्यालाही वाढलं. सुनीतानं विचारलं, "वाइल्डरनेसला मराठीत काय म्हणायचं?" ताई म्हणाल्या, "रानच म्हण. जिथे माणूस पाहुणा असतो ते रान. आणि पाहुण्यानं दुसऱ्याच्या भिंतीला खिळे मारायचे नसतात." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या बहिणीच्या लग्नासाठी मी हिवाळ्याच्या तोंडावर पुण्याला गेलो आणि वडिलांच्या आजारपणामुळे तिथे लांबलो. परत आल्यावर ताईंना विचारलं, "काय केलंत मधल्या काळात?" त्या म्हणाल्या, "ग्लेनबरोबर दरीची साफसफाई. लोकांनी काय काय टाकून ठेवलंय रे!" मला वाटलं, डबे, प्लास्टिक, जुने तंबू. मी पुढे काही विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात बर्फ फार पडला. उन्हाळ्यात दरी मोकळी झाली तेव्हा आम्ही पहिल्यांदा गेलो ते हेरॉनसमोरच्या एका लहान कड्यावर. दुपारनंतर आभाळ एकदम काळं झालं. आम्ही घाईनं उतरून ओढ्याकाठी आलो आणि गारा सुरू झाल्या. त्या आवाजातून एक किंकाळी ऐकू आली. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज. मग परत ओरडणं, पण आता वरून, हेरॉनच्या माथ्यावरून, एका बाईचं, एकच नाव परत परत: "पीटर! पीटर!"

ताई पळाल्या. मी त्यांच्या मागे. सुळक्याच्या पायथ्याशी, दगडांच्या राशीत, एक तरुण मुलगा पडला होता. दोर त्याच्या अंगाभोवती गुंडाळलेला, दोरात एक गोफ, म्हणजे दगडाला किंवा झाडाला अडकवायचा जाड पट्ट्याचा फास, तसाच ओवलेला, आणि त्या गोफाशेजारी मोटारीच्या चाकाएवढा एक दगड. ताई गुडघ्यावर बसल्या. मानेला हात लावला, डोळे उघडून पाहिले. मी त्यांना हॉस्पिटलात काम करताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. त्यांनी करता येण्यासारखं सगळं केलं, तो गेलाय हे कळत असूनही केलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर स्वतःचं जाकीट टाकून उभ्या राहिल्या.

"वर एकटी आहे ती," त्या म्हणाल्या. "दोर नाही तिच्याकडे. बूट घट्ट कर."

ओल्या कातळावरून आम्ही कसे चढलो ते मला नीट आठवत नाही. माथ्यावर एक मुलगी कातळाला पाठ लावून बसली होती. लिंडा तिचं नाव. तिच्या ओठांतून शब्द फुटत नव्हते. ताईंनी तिला मिठीत घेतलं, चोळून चोळून ऊब दिली. मग ती बोलायला लागली. वादळ आलं. विजा पडत होत्या. लवकर उतरायला हवं होतं. बोल्ट सापडेनात. त्यांनी सगळी कडा चाचपून पाहिली. शेवटी पीटरनं एका मोठ्या दगडाला गोफ अडकवला, त्यातून दोर ओवला आणि तो आधी उतरायला लागला. दगड सरकला.

"पुस्तकात लिहिलंय," ती रडत म्हणाली, "इथे दोन बोल्ट आहेत. लिहिलंय तसं."

"होते," ताई म्हणाल्या. "मी काढले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. गारांचा पाऊस थांबला होता, वारा होता फक्त. मी ताईंकडे पाहिलं. त्या लिंडाच्या डोळ्यांत बघत होत्या. "मागच्या वर्षी मीच काढले. भोकंसुद्धा बुजवली. तुम्हाला ती दिसणं शक्यच नव्हतं." मुलगी त्यांच्या मिठीतून सुटली नाही. कदाचित तिला ते शब्द पोचलेच नसतील. मला मात्र पोचले, आणि पायाखालचा तो इतका भरीव सुळका मला हलल्यासारखा वाटला.

मग ताईंनी माथ्याच्या कडेला बोट दाखवलं. तिथे कातळात एक ओलं, काळं खिंडार होतं. "इथे झाड होतं," त्या मला मराठीत म्हणाल्या, अगदी सपाट आवाजात. "मांडीएवढं जाड. त्याला गोफ बांधून उतरता येत होतं. म्हणून मला वाटलं, लोखंड कशाला हवं? मी बुंधा वाजवून बघितला होता, मिलिंद. भरीव होता." बर्फानं ते झाड मुळांसकट, खालच्या मातीसकट ओढून नेलं होतं. "मी झाड वाजवलं. माती नाही वाजवली."

माथ्याच्या बऱ्याच खाली, चढाईच्या वाटेवर, एक चांगली भेग होती. तिथपर्यंत आम्ही लिंडाला दोरावर सांभाळत आणलं, भेगेत आमच्या धातूच्या पाचरी ठोकून दोर लावला तिथून तिला खाली सोडलं आणि मागोमाग आम्हीही उतरलो. पाचरी तिथेच राहिल्या. मग ताई तिच्यापाशी थांबल्या आणि मी ग्लेनला आणायला ओढ्याकाठच्या पायवाटेनं धावत सुटलो.

पुढचे दिवस चर्चेचे होते. चढणाऱ्या लोकांत भडका उडाला. कुणीतरी माथेफिरू, लोखंडाचा द्वेष करणारी टोळी रात्री येऊन बोल्ट तोडून गेली, अशी अफवा पसरली. गावातल्या शाळेच्या जिमखान्यात सभा झाली. एकजण उठून म्हणाला, हा कायदाच खुनी आहे. एक लाकूडवाला म्हणाला, रस्ता असता तर अँब्युलन्स दारापर्यंत आली असती. आणखी एकानं बॅटरीवर चालणारं नवं ड्रिल उंच धरून दाखवलं आणि म्हणाला, हे घेऊन मी उद्या जातो, सगळा डोंगर सुरक्षित करतो, बघू कोण अडवतं. टाळ्या पडल्या. मग कुणीतरी मागून ओरडलं, "त्या टोळीतला एक तरी सापडू दे!"

ताई उठल्या. "टोळी नाही," त्या म्हणाल्या. "मी एकटी होते."

एका बाईच्या हातातला कागदी कप खाली पडला. अशोकराव माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. ताईंनी सगळं सांगितलं. झाड, बोल्ट, बुजवलेली भोकं. चढणाऱ्यांपैकी कुणाला विचारलं नाही, पुस्तक लिहिणाऱ्याला कळवलं नाही, पायथ्याशी पाटी लावली नाही, तेही सांगितलं. "कायद्यानं मला बोल्ट काढायला सांगितलं नव्हतं. बोल्टबद्दल कायदा काहीच बोलत नाही. त्याचा अर्थ मी लावला. मला ती जागा स्वच्छ हवी होती."

मग कोपऱ्यातून ग्लेन उभा राहिला. "तिनं मला विचारलं होतं. मी हो म्हणालो होतो," एवढंच बोलून खाली बसला.

घरी परतताना गाडीत मागच्या सीटवर रेवा रडत होती. "बट व्हाय डिड यू टेल देम? नोबडी न्यू!" ताई पुढे बघत म्हणाल्या, "उद्या त्यांनी कुणालातरी धरून मारलं असतं, रेवा. त्या गर्दीत कुणाचं तरी नाव निघालंच असतं." त्यानंतर मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत लोक ताईंशी जपून बोलायला लागले. कुणी "विसरा आता" म्हणालं तर त्या शांतपणे सांगायच्या, "विसरले तर परत करीन."

त्यांनी ग्लेनकडे एकच मागणी केली. ते दोन बोल्ट परत बसवू दे. यंत्र नको, हातानं बसवते. ग्लेननं वर विचारलं. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना विचारलं. रानात माणसानं काही 'बसवायचं' नाही, असं कायदा म्हणतो. मग अंगठ्याएवढा बोल्ट म्हणजे बसवणं झालं की नाही? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. हिवाळा गेला. बर्फ वितळलं. उत्तर नाही.

मग ताईंनी ग्लेनला फोन केला. मी शेजारी होतो. "शनिवारी जातेय," त्या म्हणाल्या. पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ताई म्हणाल्या, "हो, तू नाही म्हणालास. ऐकलं मी."

हातानं ग्रॅनाइटला भोक पाडणं म्हणजे काय ते मला त्या शनिवारी कळलं. पोलादी छिन्नी, बोटाएवढी जाड. ती दगडावर टेकवायची, हातोडीचा घाव घालायचा, किंचित फिरवायची, परत घाव. पूड फुंकून काढायची. बराच वेळ ठोकूनसुद्धा नख बुडेल एवढंच भोक. मी म्हणालो, "ताई, द्या इकडे. तुमची मनगटं सुजतील, सोमवारी ऑपरेशनं आहेत." त्यांनी थोडा वेळ दिली आणि परत घेतली.

दुपारी ग्लेन चढून वर आला. एकटाच. धापा टाकत कातळावर बसला.

"थांबवायला आलोय," तो म्हणाला.

"थांबव," ताई म्हणाल्या आणि घाव घातला.

पहिला बोल्ट बसेपर्यंत तो बघत राहिला. मग म्हणाला, "मला तुझ्यावर गुन्हा नोंदवावा लागेल."

"नोंदव की. तुझं काम आहे ते."

दुसरा बोल्ट बसल्यावर ग्लेन उठला. त्यानं स्वतःचा पट्टा त्या कडीत अडकवला, कड्याच्या टोकाला जाऊन सगळं वजन मागे टाकलं आणि तसाच थोडा वेळ लटकत राहिला. मग वर येऊन त्यानं ताईंवर गुन्हा नोंदवला. दरीसाठी लढलेल्या समितीतून ताईंना काढून टाकलं गेलं. ज्या लोकांनी त्यांच्या हातचं श्रीखंड खाल्लं होतं, त्यांनीच काढलं. "आधी माणूस मारलास, मग कायदा मोडलास," असं त्यांच्यातला एकजण तोंडावर म्हणाला. ताईंनी ते ऐकून घेतलं. बोल्ट मात्र कुणी काढले नाहीत. पुढे काही वर्षांनी त्या दरीपुरता नियम ठरला: यंत्र नाही, नवीन बोल्ट परवानगीशिवाय नाही, पण उतरण्याच्या जागचे जुने बोल्ट हातानं बदलता येतील. तोवर ताईंचं तिकडे जाणं कधीच बंद झालं होतं.

त्या शेवटच्या वेळी गेल्या ते बोल्ट बसवले त्याच वर्षीच्या पानगळीत, पीटरच्या आईबरोबर. रूथ तिचं नाव. डोंगरांच्या पलीकडे, सफरचंदांच्या बागांच्या मुलखात राहायची. तिनं फोन करून एवढंच म्हटलं होतं, "मला ती जागा बघायची आहे. तुम्ही दाखवा." गाडी मी चालवली. पायवाटेवर ताई पुढे, रूथ मध्ये, मी मागे. रूथ उंच, हाडापेरानं मजबूत बाई, बागेत काम करणारे हात. वाटेत ती सीडरच्या झाडांकडे मान वर करून बघत होती.

सुळक्याच्या पायथ्याशी ताईंनी जागा दाखवली. रूथनं तिथल्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवून बसली. मग तिनं विचारलं, "इथपर्यंत रस्ता असता तर?"

"पीटरला उपयोग झाला नसता," ताई म्हणाल्या. "मी डॉक्टर आहे, खरं सांगते. पण दुसऱ्या कुणाला झाला असता. कधीतरी होईलही."

"आणि तरी तुम्हाला ही जागा अशीच राहायला हवी?"

मला वाटलं, ताई, नाही म्हणा. आत्ता, या बाईसमोर, फक्त एकदा नाही म्हणा.

"हो," ताई म्हणाल्या.

रूथनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. "मला नको," ती म्हणाली. "मी उद्या इथे रस्ता बांधू देईन. सगळी झाडं तोडू देईन." आणि ती उठून एकटीच पायवाटेला लागली.

आम्ही अंतर ठेवून तिच्या मागे चाललो. मी तिला तिच्या गावी सोडलं. उतरताना तिनं हात पुढे केला नाही, ताईंनीही केला नाही. तिच्या घराचं दार लागल्यावर मी गाडी वळवली. मला राहवलं नाही. म्हणालो, "निदान एक शब्द तरी बोलायचा. तुम्ही इतकं केलंत, त्या बाईनं माफ करायला हवं होतं."

कुमुदताईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्या वेळी त्यांनी माझ्याकडे ज्या आश्चर्यानं पाहिलं, ते मला आजही जसंच्या तसं दिसतं.

"माफ करायला ती आली नव्हती रे," त्या म्हणाल्या. "मुलगा कुठे गेला ते बघायला आली होती. बघितलं तिनं."